शेरा कसा वाचायचा?

(शिक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समोर बरेच शिक्षक बसलेले दिसतायत. जे नंतर ऐकतील किंवा वाचतील, त्यांच्यातही शिक्षक असणारच. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्त होऊन आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा शिक्षणशास्त्राची तज्ज्ञ म्हणून मी आज उभी नाही. दोन नात्यांनी बोलणार आहे. एक म्हणजे, माझ्या पाठावर लोकांनी शेरे मारले. आणि दुसरं म्हणजे, लोकांच्या पाठावर मीही शेरे मारले. दुसऱ्या नात्याबद्दल बोलायला जास्त जड जातं, पण तेही सांगेन.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.ए.ला माझ्याकडे होता. पुढे डी.एड. करून मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. द्विशिक्षकी शाळा, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन्ही याच्याकडे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्याने मोबाइल काढून एक फोटो दाखवला. शेरेबुकाच्या पानाचा. त्यावर तीन वाक्यं होती: ‘वर्गनियंत्रण नाही. अध्यापन परिणामकारक नाही. सुधारणा आवश्यक.’ खाली सही.

म्हणाला, “मॅडम, अठरा वर्षं झाली नोकरीला. असं कुणी कधी लिहिलं नव्हतं.”

“किती दिवस झाले याला?”

“अकरा.”

“झोप लागते का रे?”

तो नुसता हसला. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं त्याने. शाळेत जायचा, शिकवायचा, परत यायचा. पण त्या दिवसापासून त्याने मुलांना जमिनीवर बसवून काम देणं बंद केलं होतं. सगळी मुलं रांगेत, हाताची घडी, तोंडावर बोट. म्हणाला, “न जाणो, साहेब परत आले तर?”

मंडळी, मला त्याच्या झोपेची काळजी वाटलीच, पण त्याहून जास्त काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची. निरीक्षण करणारा माणूस कुठे बसतो? शेवटच्या बाकावर. आणि शेरा वर्मी लागला की शिक्षक त्या शेवटच्या बाकाला शिकवायला लागतो. तो बाक रिकामा असला तरी. मधली मुलं मग नुसती मध्ये असतात. आजच्या बोलण्याचा सगळा मुद्दा इथेच आहे. शेरा असा वाचायचा, की वाचून झाल्यावरही आपलं तोंड मुलांकडेच राहिलं पाहिजे.

आता हे करायचं कसं? मन खंबीर करा, सकारात्मक राहा, असं सांगून भागत नाही. अकरा दिवस झोप नसलेल्या माणसाला ‘सकारात्मक राहा’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला ‘गार हो’ म्हणण्यासारखं आहे. म्हणून मी त्याला माझ्या विषयातलं एक हत्यार दिलं. ते जुनं आहे, पण अजून चालतं.

आपल्याकडे न्यायदर्शन म्हणून एक दर्शन आहे. गौतमाची न्यायसूत्रं हा त्याचा मूळ ग्रंथ. आपल्याला एखादी गोष्ट कळली असं आपण म्हणतो, तेव्हा ती कशी कळली, हा या मंडळींचा मुख्य प्रश्न. डोळ्यांनी पाहिली का? ते झालं प्रत्यक्ष. की पाहिलं एक आणि त्यावरून ठरवलं दुसरं? ते अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, हे प्रत्यक्ष. तिथे आग असणार, हे अनुमान. अनुमान वाईट नसतं, त्याच्याशिवाय आपला एक दिवस चालायचा नाही. पण ते अनुमान आहे हे विसरलं की गडबड होते.

मी त्याला कागद दिला आणि मध्ये उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे लिही ‘दिसलं’, उजवीकडे लिही ‘ठरवलं’. आता साहेबांची तीन वाक्यं या दोन रकान्यांत घाल.

वर्गनियंत्रण नाही. कुठल्या रकान्यात जाईल? ठरवलं. नियंत्रण डोळ्यांना दिसत नाही. मुलं काय करतायत ते दिसतं.

अध्यापन परिणामकारक नाही. ठरवलं. परिणाम तर मुलाच्या डोक्यात व्हायचा, आणि तो त्याच पंधरा मिनिटांत होईल असंही नाही.

सुधारणा आवश्यक. हेही ठरवलेलंच. कशात सुधारणा, ते नाही.

म्हणजे डावा रकाना पूर्ण कोरा राहिला. एक अख्खा शेरा, आणि त्यात पाहिलेली एकही गोष्ट नाही!

एवढ्यानेच त्याचा चेहरा थोडा सैल झाला. पण मी म्हटलं, थांब, लगेच खूश होऊ नकोस. त्यांनी डावा रकाना भरला नाही म्हणून तो कोरा ठेवायचा नाही. तो तू भरायचा. त्या दिवशी वर्गात जे दिसत होतं ते लिही. जे दिसलं ते सगळं, सोयीचं आणि गैरसोयीचं.

तो लिहायला लागला. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. मुलं जमिनीवर गटात बसली होती. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या दिल्या होत्या. ५२ वजा २७. सात काड्या काढायच्या, सुट्या दोनच आहेत, मग एक गठ्ठा सोडायचा. आवाज बराच होता. खिडकीजवळ तीन पोरं काड्यांवरून भांडत होती. चौथीला लेखन दिलं होतं, त्यातली काही इकडेच बघत बसली होती. साहेब पाठ अर्धा झाल्यावर आले, पंधरा मिनिटं थांबले. इथे तो जरा थांबला, आणि मग शेवटचं वाक्य लिहिलं: ‘मी फळ्यावर एकही उदाहरण मांडलं नव्हतं.’

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता साहेबांचं अनुमान तपासू. काय दिसतं? वर्गात आवाज होता, म्हणून अध्यापन परिणामकारक नाही. न्यायवाले लगेच विचारतील, तुमची व्याप्ती काय? म्हणजे, जिथे जिथे आवाज तिथे तिथे शिकणं नाही, असा कायमचा संबंध तुम्हाला सापडलाय का? धुराचं उदाहरण यासाठीच देतात. जिथे धूर तिथे आग, हे खरं. पण उलटं करून जिथे आग तिथे धूर, असं म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा बघा, आग आहे आणि धूर नाही. हे उदाहरणही त्यांचंच आहे. वर्गातला आवाज तर याहून निसरडा. मुलं शिकत असताना आवाज असतो, आणि काहीच शिकत नसतानाही असतो. जी खूण दोन्हीकडे सापडते, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, हेत्वाभासातला पहिला प्रकार. शांततेचंही तेच. पिनड्रॉप शांतता असलेल्या वर्गात मुलं गुंगलेली असतील, किंवा झोपलेली.

इथपर्यंत त्याला बरं वाटलं. मग मी तीच सुरी त्याच्याकडे फिरवली.

म्हटलं, “तुला काय वाटतं, पाठ चांगला झाला होता?”

“हो मॅडम. मुलं रंगून गेली होती. मजा येत होती त्यांना.”

“मजा कुठल्या रकान्यात?”

तो गप्प झाला.

कारण मजेचंही आवाजासारखंच आहे. शिकताना मजा येते, न शिकतानाही येते. तोही सव्यभिचारच. साहेबांना आवाजावरून वाईट दिसलं, याला मजेवरून चांगलं दिसलं. दोघांनीही एक गोष्ट तपासली नव्हती. मी विचारलं, “दुसऱ्या दिवशी किती मुलांना ५२ वजा २७ कागदावर आलं?” त्याला माहीत नव्हतं.

गेल्यावर त्याने ते करून पाहिलं आणि फोन केला. तिसरीची १७ मुलं हजर होती. सातांचं उत्तर बरोबर, २५. चौघांचं काहीतरी भलतंच. आणि सहा जणांनी लिहिलं होतं ३५.

हे ३५ कुठून आलं? प्राथमिकच्या शिक्षकांना लगेच कळलं असेल. दोनातून सात जात नाहीत, मग पोरं उलटं करतात, सातातून दोन घालवतात. पाच. पाचातून दोन, तीन. झाले ३५. ही चूक आळसाची नाही, त्या मुलांपाशी एक नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचं. तो नियम काड्यांशी खेळताना चालत नाही, कारण काड्या खोटं बोलू देत नाहीत. पण कागदावर काड्या नसतात. काड्यांचा गठ्ठा सोडणं आणि कागदावर पाचाचे चार करणं, दोनाचे बारा करणं, ही एकच गोष्ट आहे हे त्या सहांना कुणी दाखवलं नव्हतं. का? ‘मी फळ्यावर एकही उदाहरण मांडलं नव्हतं.’

म्हणजे साहेबांचं कारण चुकलं होतं, पण निष्कर्ष थोडासा खरा होता. असं होतं बरं का. चुकीच्या वाटेनेही माणूस कधी कधी बरोबर गावाला पोचतो. टीका करणाऱ्याचं तर्कशास्त्र कच्चं आहे एवढ्यावरून टीका खोटी ठरत नाही. हे पचवणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला दोन्हीपैकी एक हवं असतं: मी नालायक तरी, नाहीतर ते अन्यायी तरी. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. पाठात एक जागा कच्ची असते, बस.

पुढच्या आठवड्यात त्याने काड्या परत काढल्या. मुलं परत जमिनीवर. फरक एकच केला: गठ्ठा सोडला की लगेच तिथल्या तिथे पाटीवर पाच खोडून चार लिहायचे, दोनाच्या जागी बारा. हाताने एक, पाटीवर एक. आवाज होताच. पण आता कुठला आवाज हे त्याला माहीत होतं.

आता दुसरं. शेरा वाचून झाला, पण शेरा मारणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं? इथेही न्यायवाल्यांनी तीन भाग केलेत. चर्चा तीन प्रकारची: वाद, जल्प आणि वितंडा. मराठीत आपण वाद म्हणजे भांडण समजतो, पण तिथे वाद हा चांगला शब्द आहे. दोघांनाही खरं काय ते हवं असतं, तो वाद. जल्पात फक्त जिंकायचं असतं. आणि वितंडेत माणूस स्वतःचं काहीच मांडत नाही, फक्त समोरच्याचं पाडतो.

शेरे तिन्ही जातींचे असतात. ‘तीन मुलं खिडकीशी भांडत होती, गट चारचे करून पाहा’, हा वाद आहे. निरीक्षकाने पाहिलं ते सांगितलं आणि स्वतःचंही काही मांडलं. त्याच्याशी बोलता येतं. ‘परिणामकारक नाही, सुधारणा आवश्यक’, हे वितंडेच्या जवळ जातं, कारण पाडलं, पण त्या जागी ठेवलं काहीच नाही. पण लिहिणारा माणूस वितंडखोर असेलच असं नाही. त्याला दिवसात तीन शाळा करायच्या असतील, नमुन्यात तेवढीच जागा असेल. म्हणून पहिलं काम, त्याला वादाकडे बोलावून बघायचं. तीन साधे प्रश्न आहेत. साहेब, आपण काय पाहिलंत? त्यावरून काय वाटलं? त्याऐवजी मी काय करावं? हे हात जोडून विचारता येतात, आणि यात कुणाचा अपमान नाही. प्रामाणिक माणूस सुखावतो, कारण त्याच्या पाहण्याला कुणीतरी किंमत दिली. ज्याला फक्त पाडायचं असतं तो तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. तो अडखळला की आपण वाद वाढवायचा नाही. दोन ओळींचा खुलासा लिहायचा, त्यात डावा रकानाच लिहायचा, विशेषणं नकोत. एक प्रत आपल्याकडे ठेवायची आणि वर्गात जायचं. जल्पात उतरून शिक्षक सहसा जिंकत नाही. जिंकला तरी त्या दोन महिन्यांत मुलांचं नुकसान होतं.

बरं, ही तपासणीची पद्धत आली कुठून? हे थोडं सांगते, कारण आपल्याला वाटतं की दडपण आपल्याच वाट्याला आलं. इंग्लंडमध्ये १८६२ साली एक नियमावली आली. शाळेला मिळणारं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि इन्स्पेक्टर मुलांची वाचन, लेखन, गणिताची जी परीक्षा घेईल तिच्या निकालावर ठरणार. निकाल पाहून पैसा. झालं काय, तर मुलं वाचनाची पुस्तकं पाठ करायला लागली. इन्स्पेक्टर आला की घडाघडा म्हणायची. मॅथ्यू अर्नल्ड हे नाव साहित्यवाल्यांना माहीत असेल. हा कवी आणि समीक्षक पस्तीस वर्षं शाळांचा इन्स्पेक्टर होता, आणि या पद्धतीने शिकवणं यांत्रिक झालं असं तो आपल्या सरकारी अहवालांतूनच सांगत राहिला. तरी ती पद्धत त्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकली.

हीच निकालावर अनुदानाची रीत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात गोरगरिबांच्या शिक्षणाला ही पद्धत सोयीची नाही असं त्यांनी म्हटलं होतं. ज्या घरात शाळेची गोडीच अजून लागलेली नाही, तिथल्या मुलांच्या निकालावर मास्तराचं पोट ठेवलं तर तिथे शाळा काढायला कोण जाईल? हा प्रश्न जुना झालेला नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वर्गातली कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. मार्चमध्ये परत येतात. त्यांचाही निकाल त्याच्याच नावावर लागतो.

आपल्याकडे अशा वेळी शिक्षकाला गीता सांगतात. काम करा, फळाची आशा ठेवू नका. गंमत अशी, की सांगणाऱ्याच्याच हातात फळं मोजायची वही असते! पण गीतेचा रोख तो नाही. तुझा अधिकार कशावर आहे ते ओळख, असा आहे. ग्रीक-रोमन परंपरेत एपिक्टेटस म्हणून एक तत्त्ववेत्ता होऊन गेला, आयुष्याच्या सुरुवातीला तो गुलाम होता. त्याचीही मुख्य शिकवण हीच: आपल्या हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय, हे आधी वेगळं करा. ऊसतोड माझ्या हातात नाही. साहेब किती वाजता येतील ते नाही, त्यांचा मूडही नाही. पण फळ्यावर उदाहरण मांडणं आणि दुसऱ्या दिवशी पाच गणितं घालून किती मुलांना आलं ते बघणं माझ्या हातात आहे. एवढ्याचा जाब मी स्वतःला विचारायचा. बाकीचा नाही.

आणि निरीक्षण करणाऱ्यांनाही हे हळूहळू उमगतंय. अमेरिकेत २००९ पासून तीन वर्षं सुमारे ३००० शिक्षकांच्या वर्गांचा एक मोठा अभ्यास झाला, पैसा गेट्स फाउंडेशनचा. एका माणसाने एकदा येऊन दिलेल्या गुणांवर फारसं विसंबता येत नाही, असं त्यात दिसलं. त्याच माणसाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या कुणी पाहिला तर भरवसा जास्त वाढतो. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड नावाची तपासणी यंत्रणा आहे. एकेका पाठाला श्रेणी देणं तिने २०१४ मध्ये थांबवलं. मात्र अख्ख्या शाळेला एका शब्दात श्रेणी देणं चालूच होतं. जानेवारी २०२३ मध्ये एका मुख्याध्यापिकेने आत्महत्या केली. तिच्या शाळेला सर्वात वरच्या श्रेणीवरून सर्वात खालची मिळणार होती. त्या तपासणीचा या मृत्यूत वाटा होता, असं न्यायालयीन चौकशीत नोंदवलं गेलं. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा बंद झाला. एक शब्द काढायला केवढी किंमत द्यावी लागली बघा.

आता माझं स्वतःचं सांगते. टाळणार होते, पण टाळलं तर वरचं सगळं खोटं होईल.

मी विभागप्रमुख होते तेव्हाची गोष्ट. एक तरुण व्याख्याती नव्याने लागली होती. नियमाप्रमाणे मी तिच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वीस मिनिटं. एका मुलाने प्रश्न विचारला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मला आत्ता नीट सांगता येणार नाही, उद्या बघून सांगते.” मी अहवालात लिहिलं, ‘विषयावरची पकड कमी.’ सही केली आणि विसरून गेले.

पुष्कळ वर्षांनी ती एका चर्चासत्रात भेटली. तोवर ती दुसऱ्या कॉलेजात मोठ्या पदावर होती. जेवताना सहज म्हणाली, “मॅडम, तुमच्या त्या शेऱ्यानंतर मी वर्गात प्रश्न घेणं बंद केलं होतं. नऊ वर्षं.”

मला घास गिळेना. अहो, मी सॉक्रेटिस शिकवत होते! आपल्याला कळत नाही हे ज्याला कळतं तो शहाणा, हे दरवर्षी जूनमध्ये मुलांना सांगत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर एक शिक्षिका वर्गात तेच वागली, तेव्हा मी लिहिलं, पकड कमी. मला दिसलं होतं एवढंच, की ती ‘उद्या सांगते’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं का, हे पाहायला मी गेलेच नव्हते. तिने सांगितलं होतं. मी विचारलं तेव्हा कळलं.

नऊ वर्षं म्हणजे नऊ बॅचेस. माझ्या तीन शब्दांमुळे त्या मुलांना प्रश्न विचारता आला नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ दे हो मॅडम.” पण जात नाही ते.

म्हणून इथे जे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी असतील त्यांना एकच विनंती. डावा रकाना आधी भरा. जमलं तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं परत या. आणि शेरा सही करून पाठवण्याआधी त्या शिक्षकाला विचारा, तुम्ही असं का केलंत? जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण घेतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि नंतर चर्चा होते ती त्या पाठाची. पाठ सगळ्यांचा असतो, त्यामुळे घेणारा एकटा पिंजऱ्यात उभा राहत नाही. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. केंद्रातल्या तीन शाळांनी ठरवलं तर होतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मॅडम, तुम्ही म्हणता साहेबांना विचारा. आमच्याकडे उलट विचारलं की माणूस डोळ्यावर येतो. मग?

खरं आहे. हे मी कॉलेजात, पक्क्या नोकरीत बसून सांगते आहे, हे मला कळतं. तिन्ही प्रश्न विचारता येत नसतील तर फक्त तिसरा विचारा. ‘साहेब, काय करून बघू?’ यात कुणाला राग यायचं कारण नाही. तोही शक्य नसेल तर दोन रकान्यांचा कागद स्वतःपुरता करा आणि शेजारच्या वर्गावरच्या सहकाऱ्याला दाखवा. मात्र एकट्याने कुढत बसू नका. शेरा लपवून ठेवला की तो वाढतो. माझ्या विद्यार्थ्याने अकरा दिवस घरी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर बायको म्हणाली, एवढंच ना? मला वाटलं दुसरंच काही झालंय, म्हणून गप्प आहात.

प्रश्न: वर्गात कुणी पाहायला येणार म्हटलं की माझे हात थरथरतात, छातीत धडधडतं. आधीच्या रात्री उलटी होते. यावर दोन रकाने पुरतील का?

नाही पुरणार, बाळा. तर्कशास्त्राची एक हद्द असते. शरीर असं बोलायला लागलं की डॉक्टरांकडे जायचं, जसं ताप आल्यावर जातो तसं. त्यात कमीपणा नाही. सरकारची टेलि-मानस म्हणून मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. आणि इथल्या सगळ्यांनाच सांगते, मनात जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार आला, तर शाळा, साहेब, अहवाल सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा. शेरेबुकाचं पान उलटता येतं. उद्या त्यावर दुसरा कुणी दुसरं लिहील.

वेळ संपत आली. तो विद्यार्थी परवा पुन्हा फोनवर होता. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांनी पाट्या बरोबर नेल्यात म्हणाला. गावाकडे परत येतील तेव्हा वजाबाकी आठवते का बघायचंय. मी विचारलं, साहेब परत आले होते का? म्हणाला, “आले असतील मॅडम. मागे कोण बसलंय ते बघायचं राहूनच गेलं.”

नमस्कार.